'किती ओळी लिहू?' : तिसरीतल्या एका मुलीच्या लेखनाचं बारा आठवड्यांचं प्रकरण

मुलगी तिसरीत, वय आठ वर्षं, मराठी माध्यमाची शाळा. इथे तिला चिऊ म्हणू. घर सिन्नरला, वडील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळ्यांमध्ये कामाला, आई घरीच ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. आजी संगमनेर तालुक्यातल्या गावी. चिऊ ही कोणी एक मुलगी नाही. मुलाच्या लेखनासाठी घरी धडपडणाऱ्या अनेक घरांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते इथे एका मुलीत जुळवलं आहे. आकडेही त्या जुळवणीतलेच आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. अडचणींचा क्रम मात्र घरोघरी असाच असतो.

ऑक्टोबरच्या संकलित मूल्यमापनात चिऊच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेवर शेरा आला: 'लेखन अपूर्ण. घरी सराव घ्यावा.' वाचन ठीक होतं, कविता पाठ होत्या, तोंडी उत्तरं चटकन यायची. फक्त 'पाच-सहा वाक्यं लिहा' असा प्रश्न आला की कागद कोरा राहायचा.

घरच्यांनी लगेच उपाय सुरू केला. रोज एक पान शुद्धलेखन, म्हणजे पुस्तकातला उतारा पाहून उतरवायचा. शिवाय गाइडमधले पाच निबंध पाठ. महिनाभरात उतारा सुबक येऊ लागला आणि स्वतःचं लिहिणं आणखी आटलं. निबंधाचा विषय गाइडमधला असला की नऊ ओळी, नसला की दोन. आईला रोज एकच प्रश्न ऐकावा लागे: "मम्मी, किती ओळी लिहू?"

पाहून लिहिताना डोळा आणि हात काम करतात. पुढचं वाक्य काय असेल, हे मुलाला ठरवावं लागत नाही, कारण ते पुस्तकाने ठरवलेलं असतं. उतारा उतरवून अक्षर घोटून होतं आणि हात बसतो, तेवढ्यासाठी तो चांगलाच आहे. पण मनातलं वाक्य धरून ठेवणं, ते कागदावर येईपर्यंत विसरू न देणं आणि त्याला पुढचं वाक्य जोडणं, हा सराव त्यातून होत नाही. चिऊला ज्याची गरज होती, नेमकं तेच तिच्या रोजच्या सरावात नव्हतं.

एका रविवारची चाळीस मिनिटं

उपाय बदलण्याआधी अडतंय कुठे ते पाहायचं ठरलं. त्यासाठी चार छोट्या चाचण्या घेतल्या, मध्ये खेळायला सुट्टी देऊन. घरात कुणालाही करता येतील अशा आहेत.

पहिली, बोलण्याची. "काल बाजारात काय झालं ते सांग," एवढंच म्हणायचं आणि फोनवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करायचं. चिऊ सुमारे दीडशे शब्द बोलली. मेथीची जुडी, भाव कमी न करणारी भाजीवाली, पिशवीतून घरंगळलेला टोमॅटो, सगळं क्रमाने आलं.

दुसरी, उतरवण्याची. पाठ्यपुस्तकातून पाच मिनिटं लिहायचं, घाई न करता. तिने ७० अक्षरं लिहिली. वेग कमी, पण चुका दोनच.

तिसरी, श्रुतलेखनाची. वीस शब्द, पाच-पाचच्या चार गटांत. कमळ, बाजार, केळे, मोर, चौकट. दूध, दुधात, पाणी, बहीण, विटा. आंबा, चिंच, संध्याकाळ, मुलांना, झाडांवर. स्वयंपाक, म्हणून, सूर्य, चक्र, गोष्ट. शब्द सुटा न देता वाक्यात द्यायचा, नाहीतर 'झाडांवर' म्हटलेलं मूल 'झाडावर' लिहील आणि ते चूक म्हणता येणार नाही. "माकडं झाडांवर चढली, लिही झाडांवर," असं. चिऊचे बारा बरोबर आले. चुकलेले आठ असे: दुध, दूधात, बहिण, वीटा, मुलाना, झाडावर, स्वयपाक, सुर्य.

चौथी, स्वतःच्या लिहिण्याची. दहा मिनिटं, विषय तोच कालचा बाजार. तीन ओळी, सतरा शब्द, अकरा वेळा खोडरबर.

दोन मिनिटांत दीडशे शब्द बोलणारी मुलगी दहा मिनिटांत सतरा शब्द लिहिते. म्हणजे सांगण्यासारखं तिच्याकडे भरपूर आहे, आणि हातही चालतो. अडतं ते मधल्या जागेत. आई शेजारी बसून नुसतं पाहत राहिली तेव्हा ती जागा दिसली. चिऊ दर ओळीत एकदा तरी थांबून विचारायची, "'स्वयंपाक'ला स्व कसा काढायचा?" उत्तर मिळेपर्यंत वाक्याचा उरलेला भाग डोक्यातून गेलेला असायचा. मग ती मागचं पुन्हा वाचायची, एखादं अक्षर वाकडं वाटलं की खोडायची, आणि कागद फाटायला आला की कंटाळायची. अवघड शब्द टाळायलाही ती शिकली होती. बोलताना 'घरंगळला' म्हणाली होती, कागदावर 'पडला' आलं.

आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. अक्षराचं वळण, वेलांटी पहिली की दुसरी, जोडाक्षर कसं जोडायचं, रेघ कुठे संपते आणि सांगायचं काय आहे, हे सगळं एकदम पेलायला लावलं तर काहीतरी गळणारच. चिऊने गाळलं ते सांगणं, कारण बाकीच्या गोष्टींवर तिला लाल खूण मिळायची आणि सांगण्याबद्दल कुणी कधीच काही म्हणायचं नाही. मुलांना शिस्त नाही किंवा आळस आहे असं निदान अशा वेळी पटकन केलं जातं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

बसणं, पेन्सिल, रेघ

हा भाग दोन दिवसांत आटोपला. चिऊ पलंगावर पालथी पडून लिहायची. आता मांडी घालून चौरंगावर. चौरंगाचा वरचा भाग कोपराच्या पातळीला यावा. उंच पडत असेल तर बसायला घडी घातलेली सतरंजी घ्यावी. खुर्ची-टेबल असेल तर पाय लोंबकळत ठेवू नयेत, खाली पाट द्यावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाने वही थोडी डावीकडे कलती ठेवावी. डावखुऱ्या मुलाने उजवीकडे, आणि पेन्सिल टोकापासून जरा वर, साधारण तीन सेंटिमीटरवर धरावी, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावू नये.

चिऊ पेन्सिल तीनऐवजी चार बोटांत धरते. ते तसंच राहू दिलं. हात दुखत नसेल, अंगठा वळून मुठीत जात नसेल आणि टोक दिसत असेल तर आठव्या वर्षी पकड बदलायच्या मागे लागून हाती फारसं काही लागत नाही. दाब मात्र फार होता, पानाच्या मागे अक्षरं उमटायची. एचबीऐवजी मऊ दोन बी पेन्सिल दिली आणि लिहायच्या पानाखाली जाडसर कापडाची घडी ठेवली. मऊ कापडावर जोर दिला की पेन्सिलचं टोक कागदात घुसतं, म्हणून हात आपोआप हलका होतो. पेन्सिल बोटभर उरली की टाकून द्यायची.

खोडरबर उचलून ठेवला. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ आणि पुढे चालू. सुरुवातीला चिऊला हे घाण दिसायचं. चार दिवसांत सवय झाली.

शिरोरेघेकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागलं. चिऊ प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ द्यायची, त्यामुळे वेग जायचा आणि शब्दांमधलं अंतरही कळायचं नाही. आता आख्खा शब्द लिहायचा, मग त्यावर एकच रेघ, मग करंगळी ठेवून पुढचा शब्द. रेघ जिथे संपते तिथे शब्द संपतो, हे डोळ्यांना दिसतं. यात एक खड्डा आहे, आणि चिऊ त्यात लगेच पडली. थ, ध आणि भ यांच्या सुरुवातीच्या गाठीवर रेघ येत नाही. सरळ एका दमात रेघ ओढली की 'भात'चा 'मात' होतो आणि 'धर'चं 'घर'. त्यामुळे ही तीन अक्षरं आली की हात उचलायचा. तिच्या चौरंगाच्या कडेला आठवडाभर 'थ ध भ' लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती.

आईच्या शाळेच्या पाटीवर ल आणि श जसे होते तसे शाळेत आता नसतील, तर घरी वाद घालू नये. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं शासनाच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी ठरली आहेत. मुलाला एकच वळण दोन्हीकडे मिळू द्यावं.

दोन वह्या

सगळ्या बदलांत महत्त्वाचा हाच. एक वही एकरेघी, 'सांगायची वही'. दुसरी दुरेघी, 'अक्षरांची वही'. सांगायच्या वहीत कुणी खूण करायची नाही. अक्षरांच्या वहीत सांगायचं काही नाही, फक्त शब्द. दोन्ही एका दिवशी एकापाठोपाठ घ्यायच्या नाहीत.

सांगायची वही आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं, दिवेलागणीनंतर. पहिली पाच मिनिटं फक्त बोलणं. त्यातून तीन शब्द एका चिठ्ठीवर, जसं 'दोरा, बाई, चहा'. ही चिठ्ठी समोर राहते, म्हणजे पुढे काय सांगायचं ते डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. मग दहा मिनिटं लिहिणं. शब्द अडला तर ऐकू येतो तसा लिहायचा, खाली नागमोडी रेघ ओढायची आणि थांबायचं नाही. "स्व कसा काढायचा?" याला आईचं ठरलेलं उत्तर: "तुला ऐकू येतं तसं लिही, खाली रेघ ओढ, मग बघू." शेवटी चिऊ स्वतः मोठ्याने वाचून दाखवते. वही मोठ्यांनी हातात घेऊन वाचायची नाही, कारण वही हातात आली की डोळे आधी चुकांवर जातात.

पहिल्या आठ दिवसांत आईने चक्क लिहून घेण्याचं काम केलं. चिऊ सांगायची, आई तिचेच शब्द जसेच्या तसे उतरवायची, 'ववते' म्हणाली तर 'ववते'. बोललेलं कागदावर राहू शकतं आणि दुसऱ्याला वाचता येतं, हे मुलाला असं दिसतं. मग एक वाक्य आई, एक चिऊ. तिसऱ्या आठवड्यापासून चिऊ एकटी. त्या वेळात आईही शेजारी बसून काहीतरी लिहायची, कधी गिऱ्हाइकाची मापं, कधी महिन्याचा हिशोब. हे दिखाव्यासाठी नव्हतं. घरात मोठी माणसं कामासाठी लिहितात, हे अनेक मुलांनी पाहिलेलंच नसतं, कारण आता सगळं फोनवर होतं.

विषय निवडताना एकच कसोटी ठेवली: विषय हातात मावेल एवढा लहान हवा. 'माझी आई' एवढ्या मोठ्या विषयावर मुलाकडे 'ती मला खूप आवडते' यापलीकडे वाक्य नसतं, मोठ्यांकडेही नसतं. 'मशिनीचा दोरा तुटतो तेव्हा', 'पप्पा रात्रपाळीहून येतात तेव्हा घरात कोण काय करतं', 'डब्यात काय उरलं आणि का', 'पाणी येण्याआधीची दहा मिनिटं' असे विषय चालले. 'पावसाळा' चालला नाही. 'छत्री विसरले त्या दिवशी' चालला.

सुरुवातीला चिऊने 'माझी आई' असं लिहिलं होतं:

'माझी आई चांगली आहे. ती मला खुप आवडते. ती शिलाई करते.'

तिसऱ्या आठवड्यात दोऱ्याबद्दल लिहिलं ते असं:

'मम्मी मशिनीवर बसली की बोलायच नाही. दोरा तुटला की ती ओठात धरते मग परत ववते. काल दोन वेळा तुटला. एक बाई ब्लाउज न्यायला आली तर मम्मीन सांगितल उद्या या. ती रागवली. पण चहा पिऊन गेली.'

'बोलायचं', 'मम्मीनं', 'सांगितलं' यांवरचे अनुस्वार गेलेले आहेत. 'ववते' हा घरातला शब्द आहे, पुस्तकात 'ओवते' असतो. यातलं काहीही त्या दिवशी सुधारलं नाही. आईने ऐकून विचारलं, "दोरा कुठून तुटला, सुईपाशी की बॉबिनपाशी?" चिऊने बाण काढून समासात लिहिलं, 'सुईपाशी'. मुलाचं लिहिणं वाढतं ते अशा प्रश्नाने. 'छान' म्हटलं की मुलाला काय छान झालं ते कळत नाही, आणि 'अजून लिही' म्हटलं की पुन्हा ओळी मोजणं सुरू होतं. ऐकणाऱ्याला खरोखर जे कळलं नाही, तेच विचारावं. रोज एकच प्रश्न, दोन नाहीत.

डब्यांवरचं शुद्धलेखन

अक्षरांची वही आठवड्यातून दोनदा, सात-आठ मिनिटं. एका नियमाला दोन आठवडे.

चिऊच्या आठ चुकांपैकी पाच ऱ्हस्व-दीर्घाच्या होत्या, आणि 'सुर्य' सोडला तर बाकीच्या चारही एकाच नियमाच्या. मराठी शब्दाच्या शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो: दूध, वीट, बहीण. प्रत्यय लागून शब्दाचं रूप बदललं किंवा अनेकवचन झालं की तोच ऱ्हस्व होतो: दुधात, विटा, बहिणीला. नियम असा सांगितला तर आठ वर्षांच्या मुलाला काही कळत नाही, म्हणून तो स्वयंपाकघरात नेला. आईने कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि चिऊने डब्यांवर लावल्या: मीठ, पीठ, तूप, गूळ. आठवडाभराने त्याच डब्यांवर दुसरी पट्टी: मिठाचा डबा, पिठाचा डबा, तुपाची बरणी, गुळाचा डबा. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक. "वर दुसरा, खाली पहिला, का गं?" असं चिऊनेच विचारलं, तेव्हा आईने सांगितलं, "शेपूट लागलं की आखूड होतं." तिने मग चूल-चुलीवर, खीर-खिरीत, सून-सुनेला अशा जोड्या स्वतः शोधल्या. 'तांदूळ' मात्र जोडीत बसेना, कारण 'तांदळाचा' म्हणताना उकारच निघून जातो. तो डबा वेगळ्या फळीवर ठेवला.

'गुण', 'विष', 'युग' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत. ते तिसरीत नियम म्हणून शिकवू नयेत, समोर येतील तसे चार-पाच शब्द पाठ होऊ द्यावेत. शेवटच्या अक्षराचा नियम त्या मानाने सोपा आहे: शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार दीर्घ, जसं पाणी, मी, गुरू, कवी. अपवाद म्हणून 'आणि' एवढा एकच शब्द सांगितला तरी या वयात पुरतो.

एक शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा बंद केली. मुलं तिसऱ्या ओळीनंतर आधी सगळे 'दू' उभे लिहून घेतात आणि मग सगळे 'ध'. शब्द डोक्यात शिरतच नाही. त्याऐवजी पाच पायऱ्या: बघ, म्हण, झाक, लिही, पडताळ. सांगायच्या वहीतल्या नागमोडी रेघेच्या शब्दांपैकी दोनच शब्द निवडायचे. आज दोन, परवा तेच दोन, आठवड्याने पुन्हा तेच. एवढंच.

रफाराने सर्वांत जास्त त्रास दिला. तोंडात 'र्' आधी येतो आणि कागदावर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'सूर्य' म्हणताना 'सूर्' पाशी थांबायचं, टाळी वाजवायची आणि टाळीनंतर जे अक्षर येईल त्याच्या डोक्यावर रफार. गर्व, सर्प, मार्ग, वर्ग यांवर हे जमलं. 'सूर्य'मध्ये रफार बरोबर बसला तरी 'सू' पहिलाच राहिला.

'ववते' आणि 'ओवते' याबद्दल एक गोष्ट ठाम सांगायला हवी. घरची बोली ही चूक नाही. सांगायच्या वहीत ती राहू द्यावी, गोष्टीतल्या माणसांच्या तोंडी तर राहायलाच हवी. शाळेच्या पेपरात कुठला शब्द वापरायचा ते वेगळं सांगता येतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला दोन जागी दोन शब्द वापरणं सहज कळतं. बोलीवर हसलं की मूल बोलायचंच कमी करतं, आणि मग लिहायला काही उरत नाही.

काय बिघडलं

चौथ्या आठवड्यात एका सकाळी वडिलांनी रात्रपाळीहून आल्यावर कौतुकाने सांगायची वही उघडली आणि लाल पेनने चौदा गोल काढले. हेतू चांगला होता. पुढचे तीन दिवस चिऊने एकच वाक्य लिहिलं: 'आज काही झाल नाही.' वडिलांना रागावून उपयोग नव्हता, त्यांना काम हवं होतं. त्यांना ऐकणाऱ्याचं काम दिलं. पाळी असेल तेव्हा चिऊ वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करायची, ते डब्याच्या सुट्टीत ऐकायचे आणि घरी आल्यावर एक प्रश्न विचारायचे.

त्यानंतर घरातलं लग्न आलं आणि नऊ दिवस वही बंद पडली. पुन्हा सुरू करताना आधीच्या वीस मिनिटांवर नेलं नाही. दोन दिवस दहा मिनिटं, त्यातही फक्त बोलणं आणि चिठ्ठीवर तीन शब्द. खंड पडल्यावर भरपाई म्हणून दुप्पट लिहायला लावलं की जमलेलंही मोडतं.

फोनमध्ये बोलून टंकलेखन करण्याचाही एक प्रयत्न झाला. चिऊ बोलली, फोनने लिहिलं, सगळे खूश. चार दिवसांत तिने पेन्सिल धरायचं बंद केलं. ध्वनिमुद्रण ठेवलं, टंकलेखन सोडलं.

आजीचं पोस्टकार्ड

आठव्या आठवड्यात संक्रांत आली. तोपर्यंत चिऊला ऱ्हस्व-दीर्घ का सांभाळायचे, याचं पटेल असं कारण नव्हतं. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डाने ते दिलं. आजीला वाचता येत नाही, शेजारचा मुलगा वाचून दाखवतो. म्हणजे परकं माणूस वाचणार.

आधी कार्डाच्या मापाचा, १४ बाय ९ सेंटिमीटरचा कागद कापून कच्चं लिहिलं. जागा कमी असली की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे मूल स्वतः ठरवतं. मग तपासणी, तीनच गोष्टींची: शब्दाची शेवटची वेलांटी, अनुस्वार, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. एका वाचनात एकच गोष्ट शोधायची, म्हणजे तीन वेळा वाचायचं. मग पक्की प्रत. पत्ता लिहिताना नाव, मुक्काम-पोस्ट, तालुका, जिल्हा आणि सहा आकडी पिनकोड. 'शि. सा. न. वि. वि.' म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे आईने सांगितलं तेव्हा चिऊला ती गुप्त भाषाच वाटली.

'ती. आजीस, शि. सा. न. वि. वि. मम्मीने तिळाचे लाडू केले. गुळाचा पाक कडक झाला म्हणून लाडू दगडासारखे झाले. पप्पा म्हणाले दात पडतील. तू कधी येशील? बत्त्याने फोडून खाऊ.'

'गुळाचा' बरोबर आला, तो डब्यावरून. आठ दिवसांनी आजीचा फोन आला: "लाडवाचं समजलं गं बाई, पन पाक कडक झाला तवा तुझी मम्मी काय म्हनली ते नाय लिव्हलं?" त्या संध्याकाळी चिऊने कुणी न सांगता दुसरं कार्ड मागितलं.

बाराव्या आठवड्यात

पुन्हा त्याच चार चाचण्या. बोलणं होतं तेवढंच, ते कधी कमी नव्हतंच. उतरवण्याचा वेग पाच मिनिटांत ७० वरून ८८ अक्षरं, यात शब्दभर शिरोरेघेचा मोठा वाटा. दहा मिनिटांतलं स्वतःचं लेखन १७ शब्दांवरून ६४ वर. वीसपैकी सोळा शब्द बरोबर: दूध, दुधात, विटा, स्वयंपाक हे सुधारले, आणि दूध-दुधात डब्यांवर नव्हते, तरी आले. बहिण, मुलाना, झाडावर आणि सुर्य तसेच राहिले. नवा शब्द म्हणून 'जमीन' दिला, तो बरोबर. 'जमिनीवर' मात्र 'जमीनीवर' आला. दोन अक्षरी शब्दांवर पक्का झालेला नियम तीन अक्षरी शब्दांवर आपोआप जात नाही, त्याची वेगळी जोड्यांची फेरी लागते.

अक्षर अजून लहान-मोठं आहे. वाक्यं 'मग'ने जोडली जातात: मग हे झालं, मग ते झालं. एका लेखात नऊ 'मग' निघाले, चिऊनेच मोजले. तीन ठेवायचे आणि बाकीच्यांच्या जागी 'तेवढ्यात', 'म्हणून', 'पण' किंवा नुसता पूर्णविराम, असा खेळ सुरू केला आहे. वर्गशिक्षिकांना आईने भेटून वहीच दाखवली आणि एक विनंती केली: स्वतःच्या लेखनात चुका दाखवायच्या तर एका वेळी एकाच प्रकारच्या दाखवाव्यात. त्यांनी ते मान्य केलं. शाळेशी न बोलता घरी एक पद्धत आणि वर्गात दुसरी ठेवली तर मूल मधल्यामध्ये गोंधळतं.

चिऊचं वाचन नीट होतं, पाहून उतरवताना चुका कमी होत्या, आणि दोन महिन्यांत बदल दिसला. म्हणून पुढच्या तपासणीची गरज पडली नाही. पण वाचनही अडखळत असेल, फळ्यावरून उतरवताना अक्षरं गळत असतील, हात दुखत असेल, किंवा नियमित आठ-दहा आठवड्यांनंतरही काही हलत नसेल, तर सराव वाढवत बसू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे जावं. तिसरी इयत्ता, आठवं वर्ष हे त्यासाठी योग्य वय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. निदान झालं म्हणजे मुलावर शिक्का बसला असं मानून पालक वर्षं घालवतात, आणि ती वर्षं मुलाने वर्गात स्वतःला मठ्ठ समजण्यात घालवलेली असतात.

फेब्रुवारीपासून सांगायची वही चारऐवजी तीन दिवस. अनुस्वाराची फेरी आता सुरू झाली आहे, 'मुलाला' आणि 'मुलांना', 'झाडावर' आणि 'झाडांवर' अशा चिठ्ठ्या करून: एकाचं चित्र काढायचं, मग अनेकांचं, आणि ज्यात अनेक आहेत त्यावरच टिंब द्यायचं. रफाराच्या चिठ्ठ्या अजून डब्यात आहेत. आजीची दोन कार्डं कपाटाच्या दाराला चिकटवली आहेत, तिच्या वतीने शेजारच्या मुलाने लिहिलेली. त्यातल्या एकात 'बहिण' असं लिहिलेलं चिऊने परवा शोधून काढलं, पेन्सिलने नाही, बोटाने दाखवून.